बाबांची एक फुली

॥ प्रभू सांभाळो ॥

विन्स्टेड फेरी, उत्तर कॅरोलायना
६ मार्च १९५५

चि. अलोन्झो यास ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि बाबांसाठी पाठवलेला लोकरी स्वेटर पोचला. स्वेटर दोन मापं मोठा आहे. न्यूअर्कला गेल्यापासून तुला सगळी माणसं धिप्पाडच दिसायला लागली वाटतं! बाबा म्हणाले की पोरगा मला विसरला नाही, माझं माप तेवढं विसरला. पण अंगातून काढत नाहीत. चर्चमध्ये सगळ्यांना बाही ओढून ओढून दाखवतात.

आता खरी बातमी, खाली बसून वाच. तुझे दाजी निवडणुकीला उभे राहतायत. हो, आपले सीफस बून, गावचा कारभार बघणाऱ्या कमिशनरांतल्या एका जागेसाठी. मी आधी हसले, मग भांडले आणि मग गप्प बसले. कारण त्याच आठवड्यात मी त्याच्याबरोबर रोझ हिलच्या दफनभूमीत गेले होते. पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते, तरी आत घोट्याएवढं पाणी. रुळांपलीकडच्या गोऱ्यांच्या रस्त्यांना गटारं बांधली ना, त्या सगळ्यांचं पाणी एका नाल्यात सोडलंय, आणि तो नाला आपल्या मयतांच्या उशाशी येऊन संपतो. आईच्या कबरीवर बाबांनी स्वतः तासून लावलेला क्रूस पाण्यात आडवा झाला होता. सीफसने बूट काढले, आत गेला आणि तो सरळ केला. जेवायला बसल्यावर म्हणाला की नाला नदीपर्यंत न्यायचा तर कमिशनरांनी हात वर करायला हवेत, आणि त्यांच्यात आपला एकही हात नाही.

उभं राहायला दुसरं कोण आहे सांग. मास्तरांची नोकरी शाळा-बोर्डाच्या हातात, बाकीच्यांची वखारीच्या मालकाच्या. सीफसचा धंदा अंत्यविधीचा. आपली माणसं मरायची थांबत नाहीत आणि गोरे त्यांना स्वतःच्या हाताने पुरणार नाहीत, म्हणून याच्या पोटावर पाय देता येत नाही, एवढंच आमचं स्वातंत्र्य.

पण जमायचं कसं? नियम असा आहे की मेयर वेगळा निवडायचा आणि पाच कमिशनर सगळ्या गावाने मिळून. प्रत्येकाला पाच फुल्या मारता येतात. ज्यांना सर्वांत जास्त फुल्या, ते पहिले पाच निवडून आले. गावात आपण काळी माणसं निम्म्याच्या आसपास, आणि मतदार म्हणून नाव लागलेले त्याहून कमी. तुझ्या युनियनमध्ये तू असल्या भानगडी बघतोस, तर काही सुचलं तर कळव. बाबांचा गुडघा बरा आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई
मोझेल

---

न्यूअर्क
१५ मार्च १९५५

ति. मोझेलताईस सा. न. वि. वि.

दाजी कमिशनर! अगं, मेलेल्यांची सोय लावता लावता माणूस जिवंतांच्या भानगडीत पडला की. दाजींना म्हणावं, आता तरी तो काळा कोट बदला, नाहीतर मत मागायला आलात तर लोक दार लावून घेतील.

थट्टा पुरे. नीट ऐक. पाच फुल्या मारता येतात, पण पाच माराव्याच लागतात असं नियमात कुठे आहे? समज, तू एक फुली दाजींना दिलीस आणि उरलेल्या चार गोऱ्यांना. झालं! तुझ्याच हाताने तू त्यांना दाजींच्या डोक्यावर बसवलंस. आमच्या युनियनमध्ये इटालियन पोरांनी हेच ओळखलं. त्यांनी एकाच माणसाला एक फुली दिली आणि बाकीच्या खिशात ठेवल्या. त्यांचा माणूस आरामात आला आणि आम्ही बघत राहिलो.

तेव्हा एकच फुली, सीफस बून. बाकी कागद कोरा. गोऱ्यांचे जितके जास्त उमेदवार, तितकी त्यांची मतं फुटणार. म्हाताऱ्यांना हे पटवणं कठीण जाईल. फुकट मिळालेलं कोरं सोडायचं त्यांच्या जिवावर येतं. त्यांच्याकडून घोटवून घे.

आणि बाबांचं नाव मतदार म्हणून लाव. नोंदणीवाले राज्यघटनेतला उतारा वाचायला आणि लिहायला लावतात, माहीत आहे. तू शिकव. मला तू शिकवलंसच ना, कानाला पकडून. बाबांच्या कानाला मात्र हात लावू नकोस. तुमच्या सगळ्यांच्या आठवणीत मला थोडी जागा असू दे.

तुझा धाकटा
अलोन्झो

---

॥ प्रभू सांभाळो ॥

विन्स्टेड फेरी
८ मे १९५५

चि. अलोन्झो यास ताईचे अ. उ. आ.

आला रे आला! पाचवा का होईना, पण आला! गोरे नऊ जण उभे होते, एकमेकांच्या उरावर बसून. आपल्या माणसांनी एकेक फुली मारली आणि सीफस पाचव्या जागेवर जाऊन बसला. मेयरने निकाल वाचताना त्याच्या नावापाशी थांबून चष्मा पुसला. आपल्या बाजूला तळलेले मासे, मक्याचा पाव आणि इतकी रडारड की कुणी ऐकलं असतं तर मयतच झालंय म्हणालं असतं.

घोटवलं कसं ते ऐक. आपल्या चर्चमध्ये उन्हाळ्यात वारा घ्यायला सीफसच्या धंद्याचं नाव छापलेले पुठ्ठ्याचे पंखे असतात ना, त्यांच्या पाठीवर मी मतपत्रिका काढली. दहा नावं, आणि फक्त सीफसपुढे एक फुली. दर रविवारी प्रवचन संपलं की पाळक पंखा उलटा करायला सांगायचे आणि सगळ्यांनी त्या फुलीवर बोट ठेवायचं. म्हाताऱ्या बायका तर झोपेतसुद्धा एकच, एकच म्हणायला लागल्या. बाहेरच्या कुणाला पत्ता नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं की उकाडा फार आहे.

आणि बाबा! नोंदणीच्या माणसाने त्यांना मुद्दाम लांबलचक उतारा दिला. बाबांनी तो वाचला. अडखळत, पण वाचला. मग लिहून दिला. तो माणूस कागद उन्हाला धरून बघत बसला, जणू नोट खोटी आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पहिलं मत दिलं आणि घरी आल्याबरोबर बाबा परसात लाकूड तासत बसले. त्यांची फुलीही ते मयतांसाठी तासतात त्या क्रुसांसारखीच असते, खालचा पाय लांब. मोजणीला उभ्या असलेल्या सीफसला ती लगेच ओळखू आली म्हणे. तो पंखा त्यांनी स्वतःच्या खाटेशी खिळ्याला टांगलाय.

आता नाला वळेल. आई कोरडी होईल. तुझ्या डोक्याला देवाने दिलेल्या अकलेबद्दल मी पहिल्यांदाच त्याचे आभार मानले, यापुढे मानेन असं नाही. असाच आमच्या बाजूने राहा.

तुझी ताई

---

॥ प्रभू सांभाळो ॥

विन्स्टेड फेरी
२४ फेब्रुवारी १९५७

चि. अलोन्झो यास अ. उ. आ.

नाल्याचं काय झालं असं तू प्रत्येक पत्रात विचारतोस आणि मी टाळते. आज सांगते.

दीड वर्ष सीफस दर बैठकीत नाल्याचा विषय काढतो. मेयर गोड बोलतो. बाकीच्या चौघांना मिस्टर लावतो, अहोजाहो करतो आणि याला सीफस, तू बोल. हा मात्र त्याला मिस्टर मेयर, आपण. एकदा मीच चिडले, तर म्हणाला की मी मानासाठी गेलो नाही, नाल्यासाठी गेलोय. शेवटी जानेवारीत मत घेतलं. चार हात विरोधात. त्या चौघांतला डनस्टन, तंबाखूच्या वखारीचा मालक, ज्याच्या गल्लीचं पाणी सगळ्यांत आधी त्या नाल्यात पडतं, तो हसून म्हणाला की तिथल्या रहिवाशांची आजवर एकही तक्रार आलेली नाही. सगळे हसले. सीफस म्हणाला की मी त्यांना रोज भेटतो, माझ्याकडे आली आहे. मग कुणी हसलं नाही, पण हातही खाली आले नाहीत.

आणि आता ऐक, यांनी काय केलं ते. राज्याच्या राजधानीत जाऊन आपल्या गावापुरता एक कायदा करून आणला. यापुढे मतपत्रिकेवर पाचच्या पाच फुल्या हव्यात. एक जरी कमी असली तरी चिठ्ठी बाद, मोजायचीच नाही. मतदारांनी आपला पूर्ण हक्क बजावावा अशी तळमळ आहे म्हणे त्यांची! अंगाचा तिळपापड झाला माझा. पंखे बघितले असतील कुणीतरी.

आणि या वेळी गोरे शहाणे झालेत. नऊ नाही, पाचच उभे आहेत. ते चौघे आणि डनस्टनचा जावई. सहावा सीफस. म्हणजे आपल्या माणसाने सीफसला फुली मारली की उरलेल्या चार त्यांनाच द्यायच्या. बोल आता, काय करू?

तुझी ताई

---

न्यूअर्क
४ मार्च १९५७

ति. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी कपाट लाथेने फोडलं, आता त्याचे पैसे भरतोय.

सर्वांत चांगलं म्हणजे आपलेच आणखी चार जण उभे करा, म्हणजे पाचही फुल्या घरात राहतील. पण कोण उभं राहणार, हे तूच मागे लिहिलं होतंस.

मग एकच वाट उरते, आणि ती कडू आहे. सहा जणांत एकच पडणार. तो एक दाजी किंवा जावई. बाकी चौघे कसेही येणारच, त्यांना फुली दिली काय, न दिली काय. जावई गोऱ्यांनाही आवडत नाही असं तू मागे एकदा कळवलं होतंस, त्याने मेथडिस्ट पाळकाचा कुत्रा गाडीखाली घातला ना? मग काही गोरे त्यालाच वगळतील, आणि पाच भरायच्या तर पाचवी फुली त्यांना दाजींनाच द्यावी लागेल. आपण सगळ्यांनी दाजी आणि ते चौघे अशा पाच फुल्या मारायच्या आणि जावयाला सोडायचं. हो, डनस्टनलाही मारायची. नाक दाबून मारायची. जुने पंखे गोळा करून जाळून टाका आणि नवे काढा. भावना नंतर, आधी जागा.

रागावू नकोस, पण ऐक माझं.

अलोन्झो

---

॥ प्रभू सांभाळो ॥

विन्स्टेड फेरी
१२ मे १९५७

चि. अलोन्झो यास अ. आ.

हरलो.

सगळं तू सांगितलंस तसं केलं. नवे पंखे काढले, डनस्टनच्या नावापुढे फुली काढताना माझी पेन्सिल दोनदा मोडली. दर रविवारी पाच बोटं ठेवून घेतली. पण दोन वर्षांपूर्वी ज्यांना एकच, एकच म्हणून घोटवलं, त्यांच्या हाताला ते कसं सुटायचं? आपल्या चर्चमधली म्हातारी मिसेस बेथिया रडतच बाहेर आली, की सवयीने एक मारली आणि कागद पेटीत टाकला. अशा किती तरी. मोजणीला सीफस समोर उभा. एक फुली दिसली की तो माणूस चिठ्ठी बाजूला टाकायचा. बाजूचा ढीग वाढत गेला. शेवटी जावई सीफसच्या जितक्या मतांनी पुढे गेला, त्याच्याहून तो ढीग मोठा होता.

आता पुढचं फक्त तुला लिहिते. त्या ढिगात एक चिठ्ठी अशी होती, जिच्यावरच्या फुलीचा खालचा पाय लांब होता. सीफसने ओळखली. घरी येऊन मला सांगितलं आणि बाबांना काही बोलायचं नाही अशी शपथ घातली. मी गप्प आहे, पण त्यांच्यासमोर ताट ठेवताना हात आपटतो माझा. त्यांना नियम कळला नसेल असं नाही रे. मी स्वतः वाचून दाखवला होता.

सीफसचं काम चालू आहे. आज सकाळी पुन्हा बूट काढून रोझ हिलमध्ये गेला.

ताई

---

न्यूअर्क
२० मे १९५७

ति. बाबांस सा. न.

ताईने लिहू नको म्हटलं असतं, म्हणून तिला न विचारता लिहितोय. तुमच्या चिठ्ठीचं मला कळलंय. एवढं शिकवलं, एवढं समजावलं, आणि ऐन वेळी तुम्ही हट्ट केलात. तुमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या हट्टापायी दाजींची जागा गेली. आई त्या पाण्यात आहे ती आता तुमच्यामुळे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

तुमचा
अलोन्झो

---

विन्स्टेड फेरी
२ जून १९५७

चि. अलोन्झो यास बापाचे आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितोय. अक्षराला हसू नको.

मला नियम कळला नाही असं समजू नको. मोझेलने दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा मी वाचला. सीफसची फुली मारली. मग पेन्सिल डनस्टनच्या नावापुढे टेकवली. हात थांबला. तुझ्या आईच्या डोक्याशी त्याचं पाणी आहे. मी आजवर क्रूस काढले ते मेलेल्या माणसांच्या मायेने. त्याला कसा काढून देऊ? बराच वेळ उभा राहिलो. मागचा माणूस खाकरला. मग तसाच कागद टाकला.

सीफस हरेल हे माहीत होतं का, असं तू विचारशील. होतं. म्हणून झोप लागत नाही. सीफस मला काही बोलत नाही, ते जास्त लागतं. तो बोलला असता तर बरं झालं असतं. तू बोललास. बरं केलंस.

पण पोरा, तुझ्या गावात तू कुणाला मत द्यायचं ते तू ठरवतोस. इथे त्यांनी माझ्याकडूनच त्यांचं नाव लिहून घ्यायचं ठरवलं. मी या वयात वाचायला शिकलो ते त्यासाठी नाही. पुन्हा पेन्सिल दिली तरी हात तिथेच थांबेल. चुकलं असेल. तुझी आई असती तर तिला विचारलं असतं.

स्वेटर अजून घालतो. पत्र पाठव.

तुझा बाप
थॅडियस रफिन

---

॥ प्रभू सांभाळो ॥

विन्स्टेड फेरी
२२ मार्च १९५९

चि. अलोन्झो यास,

तुझी तार मिळाली. थांबलो नाही म्हणून रागावलास. अरे, थांबायची आमची काय इच्छा नव्हती? पाणी चढत होतं. सीफस म्हणाला की आणखी एक दिवस गेला तर खणताच येणार नाही.

बाबा शांतपणे गेले. परसात लाकूड तासता तासता बसले ते उठलेच नाहीत. अंगात तुझा स्वेटर होता, तोच राहू दिला. मरायच्या आदल्या शुक्रवारीही टपाल आलं का विचारलं होतं. पावणेदोन वर्षं दर शुक्रवारी विचारायचे. तू मला लिहायचास आणि खाली त्यांना नमस्कार सांगायचास. त्यांना नमस्कार नको होता, पत्र हवं होतं. तुला दुखवायला लिहीत नाही. किंवा हो, दुखवायलाच लिहितेय. मला एकटीला किती दुखायचं?

आईशेजारी जागा होती. माणसांनी बादल्यांनी पाणी उपसलं, तरी पुन्हा भरायचं. शवपेटी सोडली तर ती तरंगली. एका बाजूला दाबली की दुसरी बाजू वर यायची. बायका किंचाळल्या. पाळकांनी प्रार्थना थांबवली. मग सीफस काळ्या कोटात, बुटांसकट खाली उतरला आणि बाबांच्या पेटीवर उभा राहिला. दोरी धरून तसाच उभा, माती पडेपर्यंत. किती जणांना पुरलं असेल या माणसाने, पण त्याला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पाण्यात उभा राहून तो बाबांची माफी मागत होता. कसली माफी, ते मी विचारलं नाही.

डनस्टनकडून डुकराच्या मांडीचा भलामोठा हॅम आला, सोबत कार्ड. थॅडियस भला म्हातारा होता म्हणे. परत पाठवायलासुद्धा कुणी हात लावेना. ओट्यावर राहिला, मुंग्या लागल्या.

आणि हे बघ, मे महिन्यात पुन्हा निवडणूक आहे. या वेळी आपले चार जण तयार झाले होते. पेटी तरंगताना बघितली त्यांनी, मग दुसऱ्या दिवशी आपणहून आले. मास्तरसुद्धा आले, नोकरी गेली तर जाऊ दे म्हणाले. सीफस धरून पाच. पाच फुल्या, पाचही आपल्या घरातल्या. मला वाटलं, आता बघू.

मंगळवारी गावाच्या कचेरीवर नवा कागद लागला. नियम पुन्हा बदललाय. पाच फुल्यांची सक्ती काढून टाकली. आता प्रत्येक खुर्चीला नंबर. उभं राहणाऱ्याने नंबर निवडायचा, त्या खुर्चीसाठी एकास एक लढत, आणि मत सगळ्या गावाचं. म्हणजे प्रत्येक खुर्चीवर आपल्या एकासमोर त्यांचा एक. त्यांची मतं फुटायची नाहीत आणि आपली पुरायची नाहीत. मेयरने सीफसला बोलावून समजावलं म्हणे, की तुमच्या लोकांचीच तक्रार होती ना, हे बघ, आता नको त्याला मत द्यायची कुणावर जबरदस्ती नाही.

तरी पाचही जणांनी नावं दिली आहेत. सीफसने दोन नंबरची खुर्ची घेतलीय, डनस्टनसमोर. काय होणार ते त्याला माहीत आहे, मलाही माहीत आहे. नवे पंखे काढायला घेतले आणि बाबांच्या खाटेपाशी गेले. त्यांचा जुना पंखा अजून त्याच खिळ्याला, त्यांच्या कोटाच्या आड होता. मी जाळायला मागितला तेव्हा हरवला म्हणाले होते. त्याच्या पाठीवर ती एकच फुली. नव्या नियमात ती बसते रे, अलोन्झो. एका खुर्चीला एक फुली मारा, बाकी कोरं सोडा, कागद चालतो. बाबांची चिठ्ठी आता बाद झाली नसती. मोजली असती, आणि हरली असती.

तू ये. आईबाबांना भेटायला म्हणून ये. येताना उंच बूट आण.

तुझी ताई
मोझेल